पाकमास्तरांची दाढ

माझ्या दादाने आयुष्यात दोनच गोष्टींना कुणाला हात लावू दिला नाही. एक कारखान्यातली तांब्याची कढई आणि दुसरी त्याची स्वतःची उजवीकडची खालची दाढ. कढईचं मी एक वेळ समजू शकते. पण दाढ? ती काय वडिलोपार्जित इस्टेट होती? दादा मात्र तिच्याबद्दल तसाच बोलायचा. पाहुणे आले की गाल ओढून दाखवायचा आणि म्हणायचा, "एकतीस वर्षांची नोकरी झाली हिची, एक दिवस रजा नाही."

दादा गोळ्यांच्या कारखान्यात. बंदुकीच्या नाही हो, चघळायच्या. लिंबाच्या, संत्र्याच्या, लवंगेच्या. साखरेचा पाक उकळायचं काम त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला पाकमास्तर म्हणतात. पाक उकळत आला की तो पळीने एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडायचा, गोठला की उचलून त्या दाढेखाली धरायचा. दाढेला चिकटला तर पाक कच्चा. कट्कन फुटला तर झाला. मग दादाचा हात वर, आणि हात वर झाला की भट्टीवाला जाळ बंद करणार. एका घाण्याला तीन-चार वेळा तरी चावायचं, दिवसाचे दहा घाणे. चाळीस वेळा धरा. दादाच्या उस्तादाने त्याला हेच शिकवलं आणि उस्तादाच्या उस्तादाने उस्तादाला.

आणि मी त्याची धाकटी बहीण, त्याच्या आणि वहिनीच्या घरातच राहते. दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं आहे. हत्यारं उकळणं, पेशंटच्या तोंडात नळी धरणं, कापूस देणं, रडणाऱ्या बाप्याला "झालं हं, झालं" म्हणणं, हे माझं काम. या बावीस वर्षांत दादा एकदाही त्या खुर्चीत बसला नाही. उलट पाहुण्यांना सांगायचा, "आमची ही लोकांच्या थुंकीत हात घालते." पाहुणे हसायचे. मीही हसायचे, कारण चारचौघांत काय बोलणार? पण मला ते लागायचं. दर वेळी लागायचं, उगीच खोटं कशाला बोलू.

दात दाखव म्हणून मी त्याच्यापुढे दातांच्या कण्या केल्या. त्याचं एकच उत्तर. "मी गोड खातच नाही." आणि गंमत म्हणजे तसं तो मनापासून मानायचा! घरी बिनसाखरेचा चहा. केक समोर आला तर तोंड फिरवणार. कारखान्यात दिवसभर जी साखर तोंडात जायची ती त्याच्या हिशेबी खाणं नव्हतंच, ते काम होतं. "अगं, चिमूटभर असते ती," म्हणायचा. "चिमटीने कुणाचं वाटोळं झालंय?"

दात घासायचा, नाही असं नाही. तीन घास उजवीकडे, तीन डावीकडे, चूळ, खलास. त्याच्या ब्रशचे केस चारी दिशांना पांगले होते. वहिनीने एकदा तो चुकून नळ घासायला घेतला, तर नळही नाराज झाला असेल. पण कढईपाशी हाच माणूस बघावा! दर पाच मिनिटांनी ओला ब्रश घेऊन कढईची आतली कड गोल पुसणार. कुठे एक कण चिकटून राहता कामा नये. तो ब्रश स्वतंत्र खुंटीला. त्याला दुसऱ्याने हात लावला तर दादाचा पारा पाकाच्या वर.

असं सगळं छान चाललेलं असताना कारखान्यात नवे साहेब आले.

साहेब तरुण, इस्त्रीचे, बोलायला मऊ. त्यांनी एक तापमापक आणला, हातभर लांब दांडीचा, वर काट्याची तबकडी. दांडी पाकात बुडवायची, काटा लाल खुणेवर आला की जाळ बंद. चावाचावी नको. सोमवारी त्यांनी दादाला बोलावून सांगितलं, "मास्तर, मला तुमचा अपमान करायचा नाही. शनिवारी दुपारी तीन घाणे लावू. एकीकडे हे, एकीकडे तुम्ही. तुमचं बरोबर आलं तर कढई तुमची. नाही आलं तर सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. खुर्ची आहे, पंखा आहे."

त्या संध्याकाळी दादा घरी आला तो सोफ्यावर बसूनच राहिला, बूट न काढता. वहिनीने दोनदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "पंखा आहे म्हणे." मला त्याची फार दया आली. एकतीस वर्षं जाळासमोर उभं राहिलेल्या माणसाला पंख्याचं आमिष दाखवायचं म्हणजे काय!

पण त्याच रात्रीच्या जेवणाला मला आणखी एक दिसलं. दादा डाव्या बाजूने चावत होता. भाकरीची कड आमटीत बुडवून, मऊ करून, डाव्या गालात. माझ्या धंद्यात हे एक वर्षात कळायला लागतं, मला तर बावीस झाली. मी म्हटलं, "दादा, दाढ दुखते का?"

"दुखेल कशाला?"

"मग उजवीकडून चाव."

"मी कुठून चावायचं ते आता तू ठरवणार?"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं, माझंही ऐका. यांच्या कामाच्या शर्टाचा उजवा खिसा रोज चिकट असतो. धुवायला टाकेपर्यंत मुंग्यांची रांग. विचारलं तर म्हणतात, पाक उडतो. खिशाच्या आत कसा उडतो हो पाक?"

दादाने तिच्याकडे असं पाहिलं की वहिनी पुन्हा ओट्याकडे वळली. मीही तेव्हा खिशाकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष दाढेवर.

सरळ सांगून हा बाबा ऐकणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मंगळवारी येताना दवाखान्यातून तीन लाल गोळ्या आणल्या. या गोळ्या चावून तोंडभर फिरवायच्या आणि चूळ भरायची. दात स्वच्छ असेल तर रंग धुऊन जातो. जिथे जंतूंचा थर बसलेला असेल तिथे लाल राहतो. मी म्हटलं, "चला, तिघंही खाऊ. बघू कुणाचे दात चांगले."

पैज म्हटल्यावर दादाच्या अंगात वारं शिरलं. "आण," म्हणाला, "तुझे बावीस वर्षांचे दात आणि माझे बिनडॉक्टरचे."

आम्ही तिघं बेसिनवरच्या आरशात वाकलो. वहिनीच्या हिरड्यांपाशी फिकट गुलाबी रेघ. माझे पुढचे दात पांढरे, पण मागे आतल्या बाजूला दोन दातांवर लाल निघालं. लाज वाटली, पण असो, दिव्याखाली अंधार. आणि दादा? दादाने तोंड उघडलं आणि वहिनी "अगं बाई!" म्हणून मागे सरकली. एक दात सुटला नव्हता. फटीफटींत, हिरड्यांच्या कडेने, दाढांवर, सगळीकडे लालभडक.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात कारखान्याचा दारवान, शनिवारी किती वाजता यायचं त्याचा निरोप घेऊन. मी थांब म्हणेपर्यंत दादाने दार उघडलं, आणि निरोप ऐकून, नेहमीच्या सवयीने, तोंडभर हसला.

दारवान दोन पायऱ्या खाली गेला. "मास्तर," म्हणाला, "मास्तर, बसा तुम्ही. बोलू नका." आणि पळाला.

बुधवारी सकाळपर्यंत अख्ख्या कारखान्याला कळलं होतं की परीक्षेच्या धसक्याने पाकमास्तरांना रक्ताची उलटी झाली. पॅकिंगच्या बायका रडल्या म्हणे. साहेबांनी दादाला फाटकातूनच परत पाठवलं. खाण्याच्या वस्तूचा कारखाना, रक्ताची भानगड, ते तरी काय करणार? "डॉक्टरांची चिठ्ठी आणा," म्हणाले, "तोंडाला काही आजार नाही अशी. चिठ्ठी नसेल तर शनिवारचं राहू द्या, सरळ पॅकिंगला या."

दादा थेट माझ्या दवाखान्यात आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दारातच ओरडला, "तुझ्या त्या गोळीने माझी कढई घालवलीस! आता लिहून दे!"

"लिहून मी देत नाही, डॉक्टर देतात," मी म्हटलं. "आणि खुर्चीत बसल्याशिवाय देत नाहीत."

आमच्या डॉक्टरीणबाई वयाने दादाच्या मुलीसारख्या, अंगाने त्याहून लहान. दादा खुर्चीत बसला तो हात छातीशी बांधून. तोंड उघडायला सांगितलं तर आधी म्हणाला, "सगळे म्हणतात दाताला कीड लागते. आजवर कुणाला तो किडा सापडलाय का? सापडला तर मला दाखवा."

"आधी हे दाखवा," डॉक्टर म्हणाल्या, "गालात काय आहे?"

"औषध."

मी चिमट्याने बाहेर काढलं. लवंगेची गोळी! अर्धी विरघळलेली, त्याच्याच हातची. दाढदुखीवर लवंग चांगली, असं कुणी सांगितलेलं, आणि लवंग कुठे मिळणार तर कारखान्यात, साखरेत घातलेली. मी कपाळावर हात मारून घेतला. आजारही घरचा आणि औषधही घरचं.

डॉक्टरांनी आरसा फिरवला, दाढेवर हवेची एक फुंकर मारली आणि दादा खुर्चीतून वीतभर उडाला. त्यांनी शांतपणे विचारलं, "या दाढेने तुम्ही शेवटचं कडक कधी चावलंत?"

"काल," दादा म्हणाला.

"शक्य नाही. आत केवढा खड्डा आहे. वर्ष-दीड वर्ष तरी या दाढेने काही फुटलेलं नाही."

मी म्हटलं, "अहो डॉक्टर, काहीतरीच काय, हा रोज चाळीस वेळा—" आणि थांबले. मला मुंग्या आठवल्या. मी दादाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"दादा, खिसा."

"कुठला खिसा?"

"उजवा. चिकट. काय टाकतोस त्यात?"

कधी नव्हे तो माझा भाऊ गोरामोरा झाला.  मग तोंडात कापूस तसाच ठेवून सांगायला लागला. दीड वर्षापूर्वी एक दिवस थेंब चावला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या दिवसापासून तो थेंब तोंडापाशी नेत होता, ओठाआड नखाने कट् मोडत होता आणि तुकडा हळूच खिशात टाकत होता. दिवसातून चाळीस वेळा. कुणाला संशय नाही.

"मग पाक झाला हे तुला कळत कसं होतं?" मी विचारलं.

"ऐकू येतं," दादा म्हणाला. "आधी पाणी असतं तोवर कढई बडबडते. मग बुडबुडे बारीक होतात, आवाज जड होतो. मग एक क्षण असा येतो की ती गप्प बसायच्या बेतात असते. तेव्हा हात वर करायचा."

"दीड वर्षात किती घाणे बिघडले?"

"एकही नाही." आणि लगेच म्हणाला, "पण ते खरं नव्हे गं. उस्तादाने दाढेची परीक्षा शिकवली. बाकीची अटकळ. मी दीड वर्ष सगळ्यांना फसवतोय. शनिवारी साहेब म्हणतील, माझ्यासमोर चावा. मग काय करू?"

त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझ्याच घरात माणूस दीड वर्ष एका बाजूने जेवला आणि मी लोकांच्या तोंडांत नळ्या धरत बसले, याचाच राग आला.

डॉक्टर त्याला समजावू लागल्या की दातांवर जंतूंचा थर कसा बसतो, आम्ल कसं होतं. दादा मान हलवत होता, पण डोक्यात काही शिरत नव्हतं, ते दिसत होतं. शेवटी मी म्हटलं, "डॉक्टर, मी बोलू? दादा, कढईची कड तू सारखी का पुसतोस?"

"का म्हणजे? कडेला एक कणी राहिली की तिला दुसरी चिकटते, दुसरीला तिसरी. बघता बघता सगळा घाणा रवाळ होतो."

"आणि दातांची कड?"

दादाने जिभेने दात चाचपले.

"तुझ्या तोंडात जंतू आहेत. माझ्याही आहेत, सगळ्यांच्या असतात. दात घासला तरी थोड्या वेळाने ते परत येऊन बसतात. त्यांना साखर मिळाली की ते तिचं चिकट करतात आणि त्या चिकटात आणखी जंतू येऊन बसतात. पुसलं नाही की थर चढतो. आणि साखर खाऊन ते आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताचा वरचा टणक भाग विरघळत जातो. किडा नसतो बाबा, हेच असतं ते."

"पण मी चिमूटभरच—"

"तीच तर चूक! एकदाच वाटीभर साखर खाऊन तोंड धुतलं असतंस तर एवढं झालं नसतं. प्रत्येक चिमटीला अर्धा-पाऊण तास आम्ल राहतं. मग थुंकी हळूहळू ते निवळते, दाताची झालेली झीज थोडी भरून काढते. तू दर दहा मिनिटांनी चिमूट टाकायचास. तिने भरून काढायचं कधी?" आणि मग माझ्याने राहवलं नाही. बावीस वर्षांचं साठलेलं होतं. "ज्या थुंकीवरून तू मला पाहुण्यांसमोर हसायचास ना, तिनेच तुझे बाकीचे दात आजवर वाचवलेत!"

 डॉक्टर उगीचच हत्यारं नीट लावायला लागल्या. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "ब्रश दोन होते, खुंटीला एकच लावला मी." एवढंच म्हणाला आणि पुन्हा तोंड उघडलं.

दाढ काढावी लागणार नव्हती, पण रूट कॅनल करायचं ठरलं. त्याच दिवशी सुरुवात झाली, पुढची बैठक शनिवारी सकाळी. चिठ्ठीत डॉक्टरांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. रक्ताची उलटी झालेली नाही, लाल रंग तपासणीच्या गोळीचा होता, संसर्गाचा धोका नाही, उपचार चालू आहेत. आणि खाली, ठळक अक्षरात: उजव्या बाजूने कडक काहीही चावू नये. दादाने ती ओळ खोडायला सांगितली. डॉक्टर नाही म्हणाल्या. "मग मी शनिवारी मेलो," दादा म्हणाला.

शनिवारी सकाळी इंजेक्शन घेऊन बैठक झाली. त्या उजव्या गालाला काही कळत नव्हतं, ओठ एका बाजूला लोंबत होता. बोलायला गेला की शब्दाआधी लाळ. अशा अवस्थेत याला एकटा कसा पाठवू? मी हाफ डे टाकला आणि बरोबर गेले. 

भट्टीच्या खोलीत सगळा कारखाना जमला होता. साहेबांनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली आणि हळूच म्हणाले, "मास्तर, चावायचं नाही म्हणतात. मग परीक्षा कशी देणार?"

दादाने मान डोलावली. खुंटीवरचा ब्रश घेतला, कढईची कड एकदा गोल पुसली, ब्रश परत खुंटीला लावला. आणि सगळ्यांच्या देखत कढईकडे पाठ करून उभा राहिला. डोळे मिटून.

लोकांत कुजबुज झाली. साहेबांनी तापमापकाची दांडी पाकात सोडली. जाळ भडकला. पाक आधी बडबडला, मग जड झाला, आणि मी पण कान लावून ऐकत होते, मला मेलं काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. अचानक दादाचा हात वर झाला. साहेबांनी काट्याकडे पाहिलं. लाल खुणेला टेकत होता.

दुसऱ्या घाण्याला हात वर आणि काटा जरासा मागे, पण भट्टीवाल्याने जाळ बंद करेपर्यंत तोही आला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

तिसरा घाणा. दादाचा हात वर झाला. काटा खुणेच्या चांगलाच मागे. भट्टीवाला जाळाच्या चावीपाशी उभा, एकदा दादाकडे बघतोय, एकदा साहेबांकडे. साहेब म्हणाले, "थांबा. अजून झाला नाही." दादाने हात खाली घेतला नाही. मी मनात म्हटलं, संपलं. गेली कढई. काटा मुंगीच्या पावलाने सरकत होता, दादाचा हात तसाच वर, आणि मग वास आला. करपल्याचा. पाक पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस झाला, आणि तेव्हा कुठे काटा लाल खुणेवर पोचला.

"हे कसं झालं?" साहेब म्हणाले. खरंच गोंधळले होते. "यंत्र नवीन आहे."

दादा वळला. दांडी बाहेर काढून उजेडात धरली. दोन घाण्यांतला पाक तिच्यावर बसून वाळला होता, थरावर थर, बोटाएवढा जाड. आत दांडी कुठे आहे तेच दिसत नव्हतं, तिला पाकाची ऊब लागणार कशी? कढई दोन्ही वेळा धुतली होती. दांडी कुणीच धुतली नव्हती.

दादाने गरम पाणी घेतलं, खुंटीवरचा ब्रश घेतला आणि दांडी घासायला लागला. घाई नाही. वरून खाली, मग गोल, मग जिथे दांडी तबकडीला जुळते त्या फटीत. त्याला असं घासताना पाहून मला हसूही आलं आणि रडूही. लखलखीत दांडी त्याने साहेबांच्या हातात दिली.

साहेब माणूस बरा निघाला. सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, कढई तुमची. हा तापमापकही तुमच्याच ताब्यात. पण एक सांगा, थर बसला असेल हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

दादाने तोंड उघडलं. ओठ अजून बधिर. लाळ पुसली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "भहीन," म्हणाला. "दाताच्या धवाखान्यात अशते. थिने शिकवलं."

सगळा कारखाना माझ्याकडे बघायला लागला. मी पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत बसले, दुसरं काय करणार.

पण दादाचं पोट अजून हलकं झालं नव्हतं. त्याने भट्टीवाल्याला बाजूला घेतलं आणि त्या लोंबत्या ओठाने सांगायला लागला, की बाबा, मी दीड वर्ष चावलेलंच नाही, नखाने मोडत होतो, तुम्हा सगळ्यांना—

"माहीत आहे, मास्तर," भट्टीवाला म्हणाला.

"काय?"

"अहो, तुमचा शर्ट आमच्या डब्यांच्या वर टांगलेला. मुंग्या पहिल्यांदा आमच्या डब्यात यायच्या. सगळ्यांना माहीत होतं. पॅकिंगच्या बायकांना पण. माल चांगला निघत होता, मग कशाला बोलायचं? अळीमिळी गुपचिळी."

 दीड वर्ष दादाने लपवलं होतं आणि दीड वर्ष त्यांनी लपवू दिलं होतं. तो एका पोत्यावर बसला आणि अर्ध्या तोंडाने हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

आता आमच्या बेसिनवर नवीन खुंटी आहे. दादा सकाळी आणि झोपताना आरशासमोर उभा राहून दातांची कड घासतो, कढईसारखी, गोल गोल, आणि वहिनी बाहेरून ओरडते, "अहो, दात आहेत ते, झिजतील!" कारखान्यात लवंगेची गोळी तोंडात जात नाही. खिसा कोरडा आहे. दर रविवारी तो माझ्याकडून लाल गोळी मागून घेतो. अजून त्या दाढेच्या मागे थोडं लाल निघतं, मग त्या दिवशी कुणाशी बोलत नाही.

गेल्या रविवारी दारवान बायकोला घेऊन आला. रक्ताच्या उलटीची माफी मागायला, असं म्हणाला, खरं तर कॅनल म्हणजे काय ते विचारायला. दाढ त्याचीही दुखते. त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहून विचारलं, "या काय करतात?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. सवयीने आधीच हसायची तयारी केली.

"माझी धाकटी बहीण," दादा म्हणाला. "दातांचं सगळं हिला कळतं. मी हिचं फार उशिरा ऐकलं. तुम्ही लवकर ऐका."

मी ट्रे ठेवला आणि आणखी चहा टाकायला आत गेले. त्यात साखर घालायचीच विसरले, पण कुणी काही बोललं नाही.